ओळख देणारा कोण?

माझे बँकेतले पहिले खाते उघडले गेले ते १९७६ साली, साताऱ्यात. ‘उघडले गेले’ असे मुद्दामच म्हणतो, कारण त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा चेक आला होता. वडील हायस्कुलात शिक्षक. ते मला घेऊन बँकेत गेले. त्यांना पाहताच मॅनेजर खुर्चीतून अर्धवट उठले, “या सर, बसा,” म्हणाले आणि शिपायाला चहा सांगितला. अर्ज त्यांनीच भरला. शेवटी एक ओळ उरली, ओळख देणाऱ्या खातेदाराच्या सहीची. शेजारी भरणा करायला आलेले एक किराणा दुकानदार उभे होते. वडिलांचे जुने विद्यार्थी. “सरांच्या मुलाला ओळख लागते होय?” म्हणत त्यांनी पेन घेतले आणि सही ठोकली. ‘मी अर्जदारास गेली ... वर्षे ओळखतो’ असे तिथे छापलेले होते. त्या रिकाम्या जागेत त्यांनी पाचाचा आकडा टाकला.

त्या गृहस्थांनी मला त्या दिवसापर्यंत कधी पाहिलेले नव्हते. पण आपण काही खोटे करतो आहोत असे त्यांना वाटले नाही, मॅनेजरना वाटले नाही, आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवणाऱ्या माझ्या वडिलांनाही वाटले नाही. मला तर ते कळलेच नाही. मी चहा प्यायलो, पासबुक खिशात घातले आणि घरी आलो. पुढे त्याच व्यवसायात सदतीस वर्षे काढल्यावर आज मला वाटते, समाजात आपली जागा कशी ठरते याचा पहिला धडा मला त्या टेबलापाशी मिळाला होता. फक्त मी त्या बाजूला बसलेलो होतो, जिथून धडा दिसत नाही.

आजच्या तरुण वाचकांना ही ‘ओळख’ काय भानगड आहे हे सांगावे लागेल. त्या काळी बँकेत नवे खाते उघडायचे तर आधीच्या एखाद्या खातेदाराने सही करून सांगावे लागे, की या माणसाला मी ओळखतो. तो जामीन नव्हे. उद्या या माणसाने काही केले तर पैसे भरून देण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नसे. त्याने फक्त ‘ओळखतो’ एवढेच म्हणायचे. नियम मुळात वाईट नव्हता. बनावट नावाने खाते उघडून चोरीचा चेक वटवणारे महाभाग तेव्हाही होतेच. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये चेक वसूल करून देणाऱ्या बँकेला संरक्षण आहे, पण ते तिने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केले असेल तरच. खाते उघडताना ओळख घेतली, म्हणजे बँकेने काळजी घेतली, असा त्याचा सरळ अर्थ. नियम सर्वांना सारखा होता, पाटलाला तोच आणि पारध्याला तोच. प्रश्न एवढाच, की तो पुरा करण्याची सोय सर्वांना सारखी होती का?

आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा शब्द ‘पत’. मराठीने इथे मोठी मार्मिक गोष्ट करून ठेवली आहे. कर्ज मिळण्याची लायकी आणि चार लोकांतला मान, या दोन्हींना तिने एकच शब्द दिला. सावकाराकडे पत असते आणि भावकीतही पत असते. एकीकडची गेली की दुसरीकडचीही हलते. बँकेच्या पुस्तकात पत म्हणजे आकडे, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवत. गावात गेल्यावर कळले, की आकडे नंतर येतात.

* * *

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तोवर शहरातल्या पेठांत रमलेल्या बँका खेड्यांकडे निघाल्या. १९७२ साली तर अगदी तळातल्या माणसाला चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना आली. त्या लाटेतच माझ्यासारखे पदवीधर बँकेत शिरले. १९८६ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी मी शाखाधिकारी म्हणून गेलो. बॅगेत लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ होते. १९८० साली आलेल्या त्या पुस्तकाने मी हादरून गेलो होतो आणि शाखेत कोणी वाचणारे भेटले की त्याच्याशी त्यावर तासभर बोलत असे. हे सांगतो ते फुशारकी म्हणून नव्हे. पुढे जे घडले त्याच्या संदर्भात ते सांगायला हवे म्हणून.

बाजार गुरुवारी भरे. एका गुरुवारी दुपारी एक बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. चाळिशीच्या असतील. गावाबाहेरच्या माळावर पारध्यांची पाच-सात पालांची वस्ती होती, तिथल्या. मी विचारले, “काय गं, काय पाहिजे?”

इथे क्षणभर थांबतो. पाटलांच्या घरची पंधरा वर्षांची मुलगी शाखेत आली तरी माझ्या तोंडून “या, बसा” निघे. या बाई माझ्याहून वयाने मोठ्या होत्या आणि मी त्यांना ‘काय गं’ म्हणालो. मला कोणी तसे शिकवले नव्हते. कोणी शिकवावे लागत नाही, हीच तर त्यातली गोम आहे. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यामध्ये अख्खा गावगाडा उभा आहे आणि तोंड उघडताक्षणी आपण समोरच्याला त्यातली जागा दाखवून देतो.

बाईंनी पदराच्या गाठीतून पैसे काढले. एकशे चाळीस रुपये. म्हणाल्या, “सायेब, ह्ये बुकात लिवून द्या.” मी म्हटले, पैसे ठेवायचे आहेत का? त्या म्हणाल्या, “ठिवायचं हायतच. पर बुक पायजे. पोलीस येत्यात, पाल उचकत्यात. पैसं घावलं की म्हनत्यात कुठनं आनलं? बुकात लिवलेलं आसलं म्हंजी दावता येतंय.”

मी तोवर शेकडो खाती उघडली होती. व्याजासाठी, पगारासाठी, मुलीच्या लग्नासाठी. आपलेच पैसे आपले आहेत हे सिद्ध करण्यासाठी पासबुक मागणारे माणूस प्रथमच भेटत होते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. सोलापूर शहरात तर अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी सेटलमेंट होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. पण गावाच्या मनातला कायदा असा एका तारखेला रद्द होत नसतो.

“ओळख लागेल,” मी म्हणालो. “गावातल्या कोणा खातेदाराला घेऊन ये.”

पुढचे दोन गुरुवार त्या आल्या, एकट्याच. तिसऱ्या गुरुवारआधी मीच चौकशी केली. पाटील हसले. “साहेब, तुम्ही नवीन आहात,” एवढेच म्हणाले. किराणा दुकानदार म्हणाला, “ती मिरच्या-मीठ माझ्याकडनंच नेते, रोखीनं नेते. पण सही नको. उद्या काय झालं तर माझं नाव निघायचं.” हेडमास्तर सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, “वस्तीवरची पोरं शाळेत येत नाहीत. मी ओळखतो असं खोटं कसं लिहू?” मला साताऱ्याचा तो पाचाचा आकडा आठवला. एकाच ओळीत एका ठिकाणी न पाहिलेल्याला पाच वर्षे ओळखले जाते आणि दुसऱ्या ठिकाणी रोज पाहिलेल्याला ओळखत नाहीत. ओळख ही डोळ्यांची गोष्ट नव्हे, हे तेव्हा कळले. ती जागेची गोष्ट आहे.

आमच्या शाखेत सकाळी झाडलोट करायला एक मावशी येत. मातंग वस्तीत राहत. अर्धवेळ काम, तुटपुंजा पगार. झाडणे-पुसणे त्यांनी करायचे, पिण्याच्या पाण्याचा माठ मात्र शिपायाने भरायचा. हे कोणी ठरवले होते कोण जाणे. मी गेलो तेव्हा ते ठरलेलेच होते आणि मीही विचारले नाही. तिसऱ्या गुरुवारी त्या बाई पुन्हा दाराशी उभ्या राहिल्या, तेव्हा मावशी काही कामाने आत होत्या. माझे नकाराचे पालुपद त्यांनी ऐकले. फडके हातात तसेच धरून म्हणाल्या, “सायेब, माझं खातं हाय न्हवं हितं?”

“आहे की.”

“मग माझी सई चालंल का न्हाई?”

मी गप्प झालो. दर महिन्याला त्यांच्या खात्यात पगार जमा करणारा मीच होतो. सहा वर्षांचे खाते. नियमात त्या पुरेपूर बसत होत्या. पाटलांच्या सहीला जे मोल, तेच त्यांच्या सहीला. पण ‘गावातला कोणी खातेदार’ असे मी महिनाभर मनाशी घोकत होतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ज्यांचे चेहरे आले त्यांत रोज सकाळी दिसणारा हा चेहरा एकदाही आला नव्हता. सराफ आठवला, पाटील आठवले, ज्यांच्या खात्यात वर्षभर एक नोंद नव्हती असे निवृत्त तलाठीही आठवले.

मावशींनी अक्षर अक्षर जुळवत सही केली. मी सवयीप्रमाणे खणातून नमुना सहीचे कार्ड काढून ती ताडून पाहिली. सही जुळली. खाते उघडले.

* * *

समाजातल्या या थरांना आपण मराठीत ‘उतरंड’ म्हणतो. मातीच्या मडक्यांची, एकावर एक रचलेली. शब्द चपखल आहे. उतरंडीत प्रत्येक मडके कोणाच्या तरी डोक्यावर आणि कोणाच्या तरी पायाखाली असते. डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, त्यातले मर्म हेच. नुसती विषमता असती तर खालचे सारे एक होऊन उठले असते. इथे प्रत्येकाला आपल्याहून खाली कोणीतरी दिसतो आणि तेवढ्यावर तो समाधान मानतो. मावशींची ती सही मला मोठी वाटते ती यासाठी. गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले होते, पण वेशीबाहेरही त्यांना पालांकडे नाक मुरडण्याची मुभा होती. ती त्यांनी वापरली नाही.

पैसा आला की हे सारे मिटते, असे माझ्या पेशातल्या पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटे. मलाही वाटे. पण आपला इतिहास जरा वेगळे सांगतो. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदारांच्या ओळी दिल्या आहेत: थोरली, मधली आणि धाकटी. ज्याचे शेतकऱ्याला काम अधिक, त्याचा खळ्यावरचा वाटा अधिक. गावोगाव यादी थोडी बदले, पण त्या क्रमात सुतार-लोहारांबरोबर महार आणि मांगही थोरल्या ओळीत आहेत आणि भट धाकट्या ओळीत! म्हणजे धान्याच्या राशीवर क्रम एक आणि देवळाच्या पायरीवर क्रम दुसरा. माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने संपत्ती, प्रतिष्ठा आणि सत्ता ही तीन वेगवेगळी मापे आहेत असे सांगितले. आमच्या खळ्यांवर ते कितीतरी आधीपासून दिसत होते.

कोल्हापूरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतले गंगाराम कांबळे यांना, पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून, इतर नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली. भांडवल मिळाले, दुकान लागले, चहा उत्तम. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर महाराजांनी दोन वेगळ्या गोष्टी दिल्या. एक, भांडवल. दुसरी, ओळख. पहिली कोणतीही योजना देऊ शकते. दुसरीला माणूस लागतो, आणि तोही स्वतःचे काही पणाला लावणारा.

* * *

नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या ठिकाणी माझ्या हाताखाली नव्हे, माझ्या बरोबरीने एक अधिकारी होते. पद तेच, पगारपत्रक तेच, परीक्षेत गुण माझ्याहून सरस. बदली होऊन आले आणि भाड्याचे घर शोधू लागले. घरमालक जागा दाखवी, भाडे ठरे, आणि निघताना प्रश्न येई, “आडनाव काय म्हणालात?” मग दुसऱ्या दिवशी निरोप, की भाचा येतोय, जागा द्यायची नाही. तीन घरांत तीन भाचे आले. शेवटी मी एका ओळखीच्या मालकांशी बोललो. ते म्हणाले, “तुमचा शब्द म्हणून देतो.” मी आनंदाने ही बातमी घेऊन गेलो. सहकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “नको. तुमच्या शब्दावर मिळालेल्या घरात मी भाडेकरू नसेन, तुमचा पाहुणा असेन.” पुढे सहा महिने ते लॉजवर राहिले.

मला तेव्हा ते हट्टी वाटले. आज वाटते, मी त्यांना ओळख देऊ करत होतो आणि ते विचारत होते, की ती मला मुळात लागावीच का? मला कोणी कधी आडनाव विचारून घर नाकारले नाही. माझे आडनाव माझ्यापुढे चालत जाऊन दारे उघडत आले आणि मी समजत होतो, की दारे उघडीच असतात.

आता काळ बदलला आहे, आणि तो चांगल्यासाठी बदलला आहे हे म्हणायलाच हवे. बँकांतली ती ओळखीची सही टप्प्याटप्प्याने गेली. तिच्या जागी ‘केवायसी’ची कागदपत्रे आली. २०१४ साली सुरू झालेल्या जनधन योजनेत ५० कोटींच्या वर खाती निघाली आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायकांची आहेत. मी निवृत्तीला आलो तेव्हा पालावरच्या बाईला खाते उघडण्यासाठी कोणा पाटलाची मनधरणी करावी लागत नव्हती. हे लहानसहान परिवर्तन नव्हे. तरी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. ज्याला घर नाही त्याला पत्त्याचा पुरावा कुठला? ‘आधार’मध्येही कागद नसलेल्यांसाठी ओळख करून देणाऱ्या माणसाची सोय ठेवावी लागली होती. आणि कर्जाच्या दाराशी आता संगणक बसला आहे. तो आडनाव विचारत नाही, पूर्वी कर्ज घेतले होते का, ते विचारतो. ज्याला आजवर कोणी उभेच केले नाही त्याच्या नावावर पूर्वीचे कर्ज असणार कुठून?

हे झाले बँकांचे. आपल्या घरांचे काय? आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी फाटकावर वही होती, आता मोबाइलवर ॲप आहे. त्यांचा फोटो, नंबर, येण्याजाण्याची वेळ सारे त्यात असते. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्याला आपण एका शब्दात आत घेतो. दहा वर्षे रोज येणाऱ्या बाईला रोज नोंदवून घेतो. नवी बाई ठेवताना पहिला प्रश्न तोच, “तुम्हाला कोणी पाठवलं?” त्यांनी आपल्याला मात्र कधी विचारले नाही, की तुमच्या घराची ओळख कोण देईल? पगार वेळेवर देता, नीट बोलता, हे कोण सांगेल? परवा आमच्याच घरी फुटक्या कानाचा एक कप वेगळा ठेवलेला नातीने पाहिला आणि विचारले, “आजोबा, हा कोणाचा?” आमच्यापैकी कोणालाच पटकन उत्तर देता आले नाही. कप त्याच दिवशी टाकून दिला. पण तो इतकी वर्षे फडताळात होता आणि मी, समाजावर कादंबऱ्या लिहिणारा माणूस, त्याच फडताळातून रोज माझा कप घेत होतो.

त्या पारधी बाईंचे खाते मी तिथे असेपर्यंत चालू होते. दर गुरुवारी वीस-तीस रुपये भरत. एकदा पोलिसांना पासबुक दाखवल्याचे त्यांनी सांगितले, त्यापुढे काय झाले ते सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तीन वर्षांनी माझी बदली झाली.

एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्या शाखेत माझेही खाते होते. माझा पगार तिथेच जमा होई आणि मला गावात येऊन वर्ष होऊन गेले होते. त्या बाईंना मी तीन गुरुवार पाहत होतो, त्यांच्याशी बोललो होतो, त्या पैसे कशासाठी ठेवतात हे गावात फक्त मला ठाऊक होते. कोणत्याही नियमाने मला मनाई केलेली नव्हती. गाव काय म्हणेल, वरचे काय म्हणतील, एवढाच विचार आडवा आला. त्या अर्जावर माझी सही आहे. पण ती खाली आहे, ‘खाते उघडण्यास मंजुरी’ या ओळीवर, शिक्क्यासकट. वरची ओळ, ‘मी अर्जदारास ओळखतो’ अशी जी होती, तिच्यावर मावशींची सही आहे.